पहाटे तीनला ट्रेलरचा हीटर बंद पडतो? नवी बॅटरी घ्यायच्या आधी हे तपासा

आधी लक्षणं. कॅम्पग्राउंडवर वीज जोडलेली असते तोवर ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, सगळं सुरळीत चालतं. जंगलात, हूकअप नसलेल्या जागी गेलं की पहिल्या किंवा दुसऱ्या रात्री यातलं काहीतरी सुरू होतं:

- पहाटे दोन ते चारच्या दरम्यान हीटरचा पंखा फिरतो, पण हवा गार येते. थोड्या वेळाने पंखाही थांबतो. थर्मोस्टॅट खाली-वर केला की पुन्हा तेच.
- नळ उघडला की पाण्याचा पंप कण्हतो आणि दिवे मंद होतात.
- गॅसवर चाललेला फ्रिज एरर दाखवून बंद पडतो.
- गॅस डिटेक्टर किंवा इन्व्हर्टर अधूनमधून चिरकायला लागतो.
- दुपारी सोलर कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा डबा) ‘फुल’ म्हणतो आणि मध्यरात्री बॅटरी रिकामी.

मी ॲरिझोनात, फिनिक्सला राहतो. उन्हाळ्यात फ्लॅगस्टाफच्या वरच्या कोकोनिनो जंगलात आणि हिवाळ्यात क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात ट्रेलर नेतो. दोन्हीकडे सरकारी जमिनीवर चौदा दिवस राहता येतं आणि दोन्हीकडे रात्री थंडी वाजते. हा बिघाड मी आधी स्वतःच्या ट्रेलरवर आणि नंतर महाराष्ट्र मंडळातल्या मित्रांच्या ट्रेलरवर इतक्या वेळा काढलाय, की आता फोनवर ‘पहाटे तीन’ एवढं ऐकलं तरी पुढचं मीच सांगतो. बहुतेक जण तोवर नवी बॅटरी मागवून बसलेले असतात. बॅटरी मेलेली मला फार कमी वेळा सापडली. बहुतेक वेळा ती उपाशी असते, म्हणजे चार्जिंग तिच्यापर्यंत पोचतच नाही. नाहीतर रात्रभर कोणीतरी गुपचूप तिला खात असतं. अशा ठिकाणी नवी बॅटरी बसवली तर महिन्याभरात तीही तशीच होते.

हीटरच आधी का जातो, तेही सांगतो. ट्रेलरमधला हीटर गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा बारा व्होल्टवर चालतो. हवेच्या वाटेत एका छोट्या स्विचवर पातळ पत्र्याची जीभ असते. पंख्याच्या वाऱ्याने ती पुरेशी ढकलली गेली तरच सर्किट बोर्ड गॅस सोडतो. व्होल्टेज अकराच्या खाली घसरत गेलं की पंखा फिरतो, पण जीभ ढकलण्याएवढा वारा देत नाही. म्हणून गॅसही नाही आणि ऊबही नाही. हीटर बिघडलेला नसतो, उलट तो सुरक्षित वागत असतो. त्याला उघडून बसू नका.

आधी कागद-पेन घ्या

पैसा लागत नाही आणि निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. मोठ्या हीटरचा पंखा सात ते नऊ अँपिअर घेतो, लहान ट्रेलरमधला तीन-चार. समजा आठ घेतो. गोठवणाऱ्या रात्री तो निम्मा वेळ चालतो असं धरलं, तर दहा तासांत चाळीस अँपिअर-तास गेले. फ्रिज गॅसवर असला तरी त्याचा कंट्रोल बोर्ड, डिटेक्टर आणि स्टिरिओची मेमरी मिळून आणखी पाच-सहा जातात. डीलर ट्रेलरसोबत सहसा ग्रुप २४ ची एकच बॅटरी देतो. ती साधारण ७५ ते ८५ अँपिअर-तासांची असते, आणि लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये. म्हणजे हाताशी आले चाळीस.

खर्च पंचेचाळीस आणि शिल्लक चाळीस. इथे बिघाड कुठेच नाही, हिशोबच जमत नाही. तुमचा आकडा असा येत असेल तर पुढचं तपासण्यात वेळ घालवू नका. थर्मोस्टॅट ६२ फॅरेनहाइटवरून ५५ वर आणा आणि जाड रजई घ्या, नाहीतर बॅटरी वाढवा. सहा व्होल्टच्या दोन गोल्फ कार्ट बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या तर दोनशेहून अधिक अँपिअर-तास मिळतात. हा उपाय जुना आणि वजनदार आहे, पण भरवशाचा.

नव्या ट्रेलरमध्ये गॅसऐवजी बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असेल तर हिशोब बदलतो. तो एकटाच दिवसाला पन्नास-साठ अँपिअर-तास सहज खातो.

मग स्विच बघा: कोण खातंय?

बॅटरीच्या बारा व्होल्टचे घरगुती १२० व्होल्ट करणारा इन्व्हर्टर चालू राहिलाय का? दोन हजार वॉटचा इन्व्हर्टर काहीही जोडलेलं नसताना एक-दोन अँपिअर घेत राहतो. फोन चार्ज करून झाला की तो बंद करा.

पण इन्व्हर्टरचा खरा घोटाळा वेगळाच आहे. एका मित्राने इन्व्हर्टर थेट ट्रेलरच्या मुख्य केबलला जोडला, म्हणजे आतले सगळे सॉकेट चालू. कल्पना छान होती. पण फ्रिज ‘ऑटो’वर होता. ऑटोवरच्या फ्रिजला १२० व्होल्ट दिसले की तो गॅस सोडून विजेवर जातो आणि तीनशेहून अधिक वॉट ओढतो. बॅटरीच्या बाजूने बघाल तर हे तीस अँपिअरच्या आसपास जातं. भरीला, तीच वीज घेऊन कन्व्हर्टर (१२० व्होल्टचे बारा करून बॅटरी चार्ज करणारा डबा) बॅटरीलाच चार्ज करत होता. बॅटरीतून इन्व्हर्टर, इन्व्हर्टरमधून कन्व्हर्टर आणि पुन्हा बॅटरी. दर फेरीला उष्णतेत गळती, म्हणजे आपलीच वीज आपल्यालाच पाजून संपवायची. नवी बॅटरी सहा तासांत रिकामी झाली तेव्हा तो दुकानदाराशी भांडून आला होता. आम्ही फ्रिज ‘गॅस’वर केला आणि कन्व्हर्टरचा ब्रेकर पाडला, प्रश्न संपला. पाण्याच्या हीटरचा विजेवरचा स्विचही असाच लक्षात ठेवून बंद करा.

आता रात्री कान द्या. कोणी नळ उघडलेला नसताना पंप दर दहा-वीस मिनिटांनी ‘घुर्र’ करून थांबतो का? मग कुठेतरी पाणी गळतंय आणि दाब उतरला की पंप उठतोय. वीज त्यात फारशी जात नाही, पण गळती मात्र खरी असते. पहिला संशय टॉयलेटच्या मागे, जमिनीलगतच्या व्हॉल्व्हवर घ्या, कारण थंडीत तोच आधी तडकतो. तिथे कोरडा टिश्यू पेपर टेकवून बघा. दुरुस्त होईपर्यंत झोपताना पंप बंद ठेवायचा.

एक गोष्ट कधीही बंद करू नका: गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे डिटेक्टर. ते अगदी नगण्य वीज खातात. ‘चिरकतो’ म्हणून त्याची वायर कापलेला ट्रेलर मी पाहिलाय. त्यात दोन लहान मुलं झोपत होती.

वीस डॉलरचा मल्टिमीटर

इथून पुढे मीटर लागतोच. ट्रेलरच्या भिंतीवरचे चार दिवे बॅटरीबद्दल जे सांगतात ते पंचांगाइतकंच खरं धरा.

संध्याकाळी सूर्य मावळल्यावर सगळं बंद करा आणि तासाभराने बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. पहाटे उठल्यावर, ऊन पडायच्या आधी, पुन्हा मोजा. आराम मिळालेल्या लेड-अॅसिड बॅटरीचे आकडे असे असतात: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० च्या खाली म्हणजे तुम्ही तिचं आयुष्य खाताय. हीटर चालू असताना आकडा कमी दिसणारच, त्याने घाबरू नका.

संध्याकाळीच १२.४ दिसलं तर बॅटरी रात्री नव्हे, दिवसा हरली. चार्जिंगकडे बघा. संध्याकाळी १२.७ आणि पहाटे ११.८ असेल तर खर्च जास्त आहे किंवा बॅटरी थकली आहे. हा फरक समजला की पुढचं निम्मं काम वाचतं. म्हणून हे दोन आकडे कुठेतरी लिहून ठेवाच.

लिथियम बॅटरी असेल तर हे आकडे विसरा. ती जवळजवळ शेवटपर्यंत तेराच्या आसपास राहते आणि मग आतलं संरक्षक सर्किट तिला एकदम शून्यावर टाकतं. तिच्यासाठी शंट असलेला बॅटरी मॉनिटर लावा, जो आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजतो.

टर्मिनल, पाणी आणि गंजलेला बोल्ट

अंगठी, कडं आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा. विजेची केबल काढा, सोलर बंद करा, आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा.

टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. बॅटरीची झाकणं घट्ट असू द्या, सोडा आत जाता कामा नये. कोरडं करून आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर प्लेटा पाण्याखाली आहेत का बघा. नसतील तर डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नको आणि ॲरिझोनातलं तर नकोच, इथल्या पाण्याने किटलीला महिन्यात खडूचा थर बसतो.

मग निगेटिव्ह वायर कुठे जाते ते शोधा. बहुतेक ट्रेलरमध्ये ती पुढच्या लोखंडी चौकटीला एका बोल्टने कसलेली असते आणि रस्त्याचं पाणी, मीठ, चिखल थेट तिच्यावर उडतं. बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा आणि परत आवळा.

सगळं जोडल्यावर एक सोपी चाचणी करा. हीटर चालू ठेवून मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा आणि दुसरा त्याच खुंटीवर कसलेल्या वायरच्या टोकावर. शून्याच्या आसपास दिसायला हवं. ०.२ व्होल्ट दिसले तर तेवढी वीज त्या एका सांध्यात जळतेय. नंतर आत फ्यूजपेटीवर मोजा. बॅटरीवर १२.५ आणि पेटीवर ११.८ असेल तर जवळजवळ पाऊण व्होल्ट वाटेतच हरवलंय. हीटरच्या त्या पत्र्याच्या जिभेला तेवढं पुरतं.

सगळ्यांच्या नजरेतून सुटणारा ब्रेकर

बॅटरीपासून हातभर अंतरावर, चौकटीला चिकटवलेला काडेपेटीएवढा डबा दिसेल. त्याला दोन पितळी स्क्रू असतात आणि वर बहुधा एक रबरी टोपी. हा आपोआप पूर्ववत होणारा ब्रेकर. तो उघड्यावर असतो, पावसात भिजतो आणि दहा वर्षं कोणी त्याच्याकडे बघत नाही. माझ्या ट्रेलरचा तिसऱ्या मोसमात असाच गेला. टोपीखाली कोळ्याचं जाळं होतं आणि एक स्क्रू हिरवा पडला होता. हीटर दहा मिनिटं चालल्यावर त्याला बोट लावलं तर चटका बसला. दोन महिने मी बॅटरीला शिव्या देत होतो.

दोन्ही स्क्रूंवर बॅटरीच्या निगेटिव्हच्या तुलनेत व्होल्टेज मोजा. हीटर चालू असताना आकडे सारखे हवेत. नसतील तर ब्रेकर बदला. दहा डॉलरच्या आत मिळतो. फक्त अँपिअर जुन्याएवढेच घ्या. ‘जरा मोठा घालू’ म्हणाल तर वायर जळेल.

फ्यूजपेटीतही दोन मोठे फ्यूज इतरांपासून वेगळे, बाजूला असतात. बॅटरी उलटी जोडली गेली तर ते जातात. लक्षण मजेशीर असतं: वीज जोडलेली असताना सगळे दिवे लख्ख, पण बॅटरीला चार्जिंगचा एक थेंब नाही. हे उलटं जोडणं आपल्यासारख्या शहाण्यांकडूनच होतं. गाडीत काळी वायर निगेटिव्ह असते, हे आपण शाळेपासून घोकलेलं. अमेरिकी ट्रेलरच्या बारा व्होल्टमध्ये मात्र पुष्कळदा काळी वायर पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला एक मित्र बॅटरी बदलताना आत्मविश्वासाने काळी वायर निगेटिव्हला लावून मोकळा झाला. ठिणगी उडाली आणि फ्यूज गेले. फ्यूज पाच डॉलरचे, पण ते सापडेपर्यंत दोन कॅम्पिंग वाया गेली. सोडवण्याआधी फोनने फोटो काढा.

चार्ज पोचतोय का?

तीन वाटांनी पोचतो. तिन्ही वेगवेगळ्या तपासा, एकावेळी एकच चालू ठेवून.

पहिली वाट कन्व्हर्टरची. सोलर झाका किंवा रात्री करा. बॅटरीवर मोजा, मग घरच्या सॉकेटला ट्रेलर जोडून पुन्हा मोजा. आकडा १३.६ किंवा अधिक व्हायला हवा. १२.५ चा १२.५ च राहिला तर वर सांगितलेले फ्यूज, ब्रेकर आणि बॅटरीचा डिस्कनेक्ट स्विच बघा. तेही ठीक असतील तर कन्व्हर्टर गेलाय. लिथियम बॅटरी टाकून जुना कन्व्हर्टर ठेवला असेल तर ती कधीच पूर्ण भरत नाही, तिला १४.४ च्या आसपास लागतात.

दुसरी वाट ट्रकची, सात पिनांच्या प्लगमधून. इंजिन चालू केल्यावर ट्रेलरच्या बॅटरीवरचा आकडा थोडा तरी चढायला हवा. अजिबात हलला नाही तर ट्रकमधला फ्यूज किंवा रिले बघा. काही ट्रकमध्ये तो कंपनीतून बसवलेलाच नसतो. आकडा चढला तरी फार आशा धरू नका. वायर लांब आणि बारीक असते, त्यामुळे पाच तास गाडी चालवूनही बॅटरी भरेलच असं नाही.

तिसरी सोलर, आणि गैरसमज इथेच सगळ्यात जास्त. शंभर वॉटचं पॅनेल शंभर वॉट देत नाही. डिसेंबरात फिनिक्सला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर असतो. छतावर आडव्या पडलेल्या पॅनेलला तेव्हा निम्मंच ऊन मिळतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत हीटर सगळ्यात जास्त चालतो. शिवाय छतावरच्या एसीची सावली. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर हातभर सावली पडली तरी त्याचा करंट कोसळतो, कारण आतले सेल साखळीसारखे जोडलेले असतात. दुपारी शिडी लावून एकदा प्रत्यक्ष बघा आणि येताना फडकं मारून या. क्वार्ट्झसाइटची धूळ आठवड्यात पॅनेल मळवून टाकते.

कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार बरोबर निवडलाय का तेही बघा. आणि सकाळी अकरालाच ‘फुल’ दिसत असेल तर खूश होऊ नका. थकलेली बॅटरी लवकर ‘भरते’, जसं पोचे पडलेलं भांडं लवकर भरतं, पण पाणी मावतं थोडंच.

लिथियमवाल्यांसाठी इथे एक खास पेच आहे. बॅटरी बाहेर, ट्रेलरच्या पुढच्या चौकटीवर असेल तर पहाटे तिचं तापमान शून्य सेल्सिअसच्या खाली जातं. त्या तापमानाला ती वीज देते, पण घेत नाही, तिचं सर्किट चार्जिंग अडवतं. ऊन आहे, पॅनेल स्वच्छ आहे, तरी अँपिअर शून्य. दहा-साडेदहाला आपोआप सुरू होतं. हा बिघाड नाही. बॅटरी आत हलवा किंवा हीटर असलेली घ्या.

आता बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही

पूर्ण चार्ज करून, बारा तास ठेवून, गाड्यांच्या सुट्या भागांच्या मोठ्या दुकानात न्या. लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून घेतलेली चाचणी, बहुतेक ठिकाणी फुकट करून देतात. झाकणं उघडणारी असेल तर बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारा दहा डॉलरचा हायड्रोमीटर घरीच सांगतो: भरलेल्या सेलचा आकडा १.२६५ च्या आसपास, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ती बॅटरी गेली. दोन बॅटऱ्या जोडीने असतील तर दोन्ही बदला. जुनी बॅटरी नवीला आपल्या पातळीवर ओढते.

शेवटची आणि सगळ्यात कंटाळवाणी: चोरटा खर्च

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, हिशोबही जमतो, तरी सकाळी रिकामी? मग सगळी उपकरणं बंद करून मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावा आणि निगेटिव्ह वायर व बॅटरी यांच्या मध्ये जोडा. अर्ध्या अँपिअरच्या आत दिसलं तर ठीक. जास्त असेल तर आतले फ्यूज एकेक करून काढा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्याच वायरवर. सामान ठेवायच्या कप्प्यातला, दार लावल्यावरही पेटलेला राहणारा दिवा मला असाच सापडला. मीटर मध्ये असताना हीटर, स्लाइड (ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग) किंवा जॅक चालवू नका, मीटरचाच फ्यूज उडेल.

इथे थांबा

गॅसचा वास आला तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि कोणताही स्विच न दाबता फोन बाहेरूनच करा. एक फसवा प्रकारही माहीत असू द्या: जास्त चार्ज होऊन उकळणारी बॅटरीसुद्धा कुजक्या अंड्यासारखा वास सोडते आणि त्याने गॅस डिटेक्टर वाजतो. बॅटरी गरम, फुगलेली किंवा फसफसणारी दिसली तर चार्जिंगची वीज तोडा आणि लांब राहा. ती थंड होईपर्यंत टर्मिनलला हात लावू नका, एका ठिणगीने ती फुटते.

कन्व्हर्टरला जळका वास, भिंतीच्या आत तापणारी वायर, १२० व्होल्टच्या पेटीतलं काहीही, आणि व्होल्टेज १२.५ असतानाही न पेटणारा हीटर: ही कामं टेक्निशियनची. हीटरमध्ये गॅस आणि ज्योत आहे, तो चुकीचा जोडला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. तोवर ऊब हवी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून झोपू नका, त्यापेक्षा ट्रकमध्ये बसून मोटेलपर्यंत जा.

मोबाइल टेक्निशियन जागेवर येतो आणि तासाचे पैसे घेतो. त्याला फोन करताना संध्याकाळचा आकडा, पहाटेचा आकडा, वीज जोडल्यावरचा आकडा आणि फ्यूजपेटीवरचा आकडा असे चार आकडे सांगा. आणि तुम्ही स्वतः काय उघडलंत, काय उलटं जोडलंत, तेही लाज न बाळगता सांगून टाका. नाहीतर पहिला तास तो तेच शोधण्यात घालवेल.